‘डॉक्टर हू’ एकट्या न्यूमनसाहेबांचा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा-मालिकेवर आपण पानभर मजकूर छापलात. १९६३ साली सुरू झालेल्या आणि अजून संपायचं नाव न घेणाऱ्या या मालिकेला मराठी पुरवणीत जागा मिळाली, याचं बरं वाटलं. पण लेखकमहाशयांनी तिचं सगळं श्रेय सिडनी न्यूमन या एकाच माणसाच्या पदरात टाकलं आहे. व्हेरिटी लॅम्बर्ट यांचा उल्लेख एकदाच येतो, तोही ‘न्यूमन यांची सहायक’ असा. संगीताबद्दल एक ओळ नाही. म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, कात्री लावायची तर लावा. फक्त नावं कापू नका.

मी कोण म्हणून हे लिहिते? जन्मभर दादरच्या बाजूला एका ध्वनिमुद्रण स्टुडिओत टेप कापायचं नि जोडायचं काम केलं. रेडिओचे प्रायोजित कार्यक्रम, जाहिरातींच्या जिंगल, क्वचित एखाद्या नाटकाचं पार्श्वसंगीत. पडद्यामागे म्हणतात त्याच्याही मागच्या खोलीत आमची जागा. त्यामुळे कोणत्याही कामाचं श्रेय एकट्याला दिलेलं दिसलं की माझं लक्ष आधी इतरांची नावं शोधायला जातं.

न्यूमन यांचं मोठेपण मी नाकारत नाही. मूळचे कॅनडाचे. १९६२ च्या अखेरीस बीबीसीच्या नाट्यविभागाचे प्रमुख म्हणून आले. शनिवारी संध्याकाळी खेळांचा कार्यक्रम संपला की तरुण मंडळींचा गाण्यांचा कार्यक्रम सुरू होईपर्यंत प्रेक्षक टिकत नसत. ती मधली फट भरायला एक मालिका हवी होती. काळाच्या मागेपुढे फिरणारा, जरा तऱ्हेवाईक म्हातारा (हाच तो ‘डॉक्टर’) आणि त्याचं यान, ही कल्पना न्यूमन यांनी उचलून धरली. आतून अवाढव्य आणि बाहेरून इवलंसं यान हेही त्यांच्याच डोक्यातलं. पण मालिका काही एका कल्पनेवर उभी राहत नाही. डोनाल्ड विल्सन आणि सी. ई. वेबर यांनी आराखड्याचे कागद रंगवले. ते यान पोलिसांच्या टेलिफोनच्या खोक्यासारखं दिसावं हे सुचलं पहिल्या कथेचे लेखक अँथनी कोबर्न यांना. फिरायला गेले असताना रस्त्यात तसं खोकं दिसलं म्हणून. आज जगभर जे निळं खोकं दाखवलं की मालिका ओळखू येते, ते न्यूमनसाहेबांनी सुचवलेलं नाही. (तेव्हा प्रक्षेपण काळंपांढरं होतं, त्यामुळे ते निळं आहे हेही प्रेक्षकांना दिसत नव्हतं.)

आता व्हेरिटीबाई. न्यूमन आधी एबीसी या दुसऱ्या वाहिनीवर होते, तेव्हा त्या तिथे निर्मिती-सहायक होत्या, एवढाच त्या ‘सहायक’ शब्दाला आधार. सुरुवात केली ती टंकलेखनापासून. तेव्हा दूरचित्रवाणीवर नाटकं थेट दाखवत. १९५८ च्या नोव्हेंबरात असं एक नाटक चालू असताना, दोन प्रवेशांच्या मध्ये, गॅरेथ जोन्स हा तरुण नट कोसळला आणि गेला. प्रेक्षकांना काही कळता कामा नये, नाटक तर चालूच. दिग्दर्शक टेड कोचेफ खाली फ्लोअरवर धावले, उरलेल्या नटांना कोणती वाक्यं कोणी घ्यायची ते सांगायला. वर कंट्रोल रूममध्ये बसून कॅमेऱ्यांना सूचना देत नाटक शेवटापर्यंत नेलं ते या बाईंनी. वय जेमतेम तेवीस. कंट्रोल रूममध्ये ज्यांनी कधी पाऊल ठेवलंय त्यांना हे वाचताना घाम फुटेल.

पाच वर्षांनी न्यूमन यांनी त्यांना बीबीसीत बोलावून ‘डॉक्टर हू’ सोपवली. निर्माती म्हणून, सहायक म्हणून नव्हे. त्या वेळी तिथल्या नाट्यविभागात त्या एकट्याच स्त्री-निर्मात्या, आणि वयाने सगळ्यांत लहान. आणि पहिल्या कथेच्या दिग्दर्शनासाठी त्यांच्या जोडीला कोण आलं? वारिस हुसेन. आपल्या लेखात हे नाव मुळीच नाही, याचं मला सर्वांत जास्त वाईट वाटलं, कारण मराठी वर्तमानपत्राने निदान हे तरी हेरायला हवं होतं. जन्म लखनौचा, १९३८ चा. बालपणीचा काही काळ मुंबईत गेला. १९४६ साली वडिलांची नेमणूक लंडनच्या भारतीय कचेरीत झाली म्हणून कुटुंब तिकडे गेलं. स्वातंत्र्यानंतर वडील परतले, पण आई, लेखिका अतिया होसेन, मुलांना घेऊन तिथेच राहिल्या आणि बीबीसीच्या पूर्वेकडील देशांसाठीच्या सेवेत कार्यक्रम करू लागल्या. वारिस केंब्रिजला शिकून बीबीसीत लागले. १९६३ च्या सप्टेंबरात पहिला भाग चित्रित झाला तेव्हा त्यांना पंचविसावं पुरं व्हायचं होतं. केंब्रिजची पदवी घेऊन आलेल्या या पोराच्या वाट्याला काय आलं, तर कातडी पांघरून गुरगुरणारी अश्मयुगातली माणसं! ते स्वतः पुढे हे हसत हसत सांगत.

म्हणजे बघा. पुरुषांनी भरलेल्या कचेरीत एक सत्तावीस वर्षांची बाई निर्माती आणि एक हिंदुस्थानी तरुण दिग्दर्शक. त्यांना दिलेला स्टुडिओ लाइम ग्रोव्हचा, जुनाट आणि अपुरा; दिव्यांच्या तापाने छतावरचे आगीसाठीचे पाण्याचे फवारे सुरू व्हायचे. व्हिडिओ टेप कापणं महाग, म्हणून पंचवीस मिनिटांच्या भागात थांबायची मुभा मोजक्याच ठिकाणी. एकदा कॅमेरा सुरू झाला की नाटकासारखं पुढे जायचं. वाक्य चुकलं तरी जायचं. मुख्य भूमिकेसाठी विल्यम हार्टनेल यांना या दोघांनी जेवायला नेऊन राजी केलं. हार्टनेल पंचावन्नचे, फौजेतला सार्जंट नाहीतर गुंड अशा भूमिकांना विटलेले; मुलांच्या मालिकेत म्हातारा व्हायला सहज तयार होणारे नव्हेत.

पहिलं चित्रीकरण २७ सप्टेंबरला झालं आणि ते पडलं. यानाची दारं धड मिटेनात, म्हातारा अति खाष्ट वाटत होता, त्याच्यासोबतची त्याची नातही नको तितकी विचित्र. न्यूमन यांनी दोघांना जेवायला नेलं आणि सांगितलं की खरं तर तुम्हा दोघांना काढून टाकायला हवं, पण पुन्हा एकदा करा. हे मात्र न्यूमन यांचं खरं श्रेय. चूक दाखवली, खर्च सोसला, माणसं बदलली नाहीत. माझ्या अनुभवात असा साहेब दुर्मीळच. १८ ऑक्टोबरला तोच भाग पुन्हा चित्रित झाला आणि २३ नोव्हेंबर १९६३ ला दाखवला गेला.

इथे आपल्या लेखातली एक दुरुस्ती. केनेडींच्या हत्येमुळे पहिला भाग ‘दहा मिनिटं उशिरा’ लागला असं छापलंय. हत्या आदल्या दिवशीची. भाग सव्वापाचचा, तो सुरू व्हायला उशीर झाला जेमतेम ८० सेकंद. दहा मिनिटांची दंतकथा तिकडेही खूप वर्षं फिरत होती, ती आपण इकडे आणू नये. त्या दिवशी लोकांचं लक्ष ठिकाणावर नव्हतं आणि काही भागांत वीजही गेली होती, म्हणून पुढच्या शनिवारी पहिला भाग परत दाखवून मग दुसरा दाखवला.

मालिका खरी उचलली ती डॅलेक नावाच्या यंत्रराक्षसांनी. लेखासोबत आपण चित्र छापलंय ते त्यांचंच. न्यूमन यांनी आधीच बजावलं होतं की बटबटीत डोळ्यांचे राक्षस मला नकोत, मुलांना इतिहास आणि विज्ञान शिकवायचंय. टेरी नेशन यांची संहिता वाचून विल्सनही भडकले, हे भयंकर आहे, करू नका म्हणाले. व्हेरिटीबाईंनी शांतपणे सांगितलं की दुसरी संहिता तयारच नाही. झालं! पहिला भाग पाहणारे साधारण ४४ लाख होते, डॅलेकची कथा संपेतो ते एक कोटीच्या वर गेले. आता नेशन यांनी कागदावर काय लिहिलं होतं? पाय नसलेलं, तळावर घरंगळणारं, माणसाचा मागमूस नसलेलं यंत्र, डोळ्याच्या जागी दांड्यावर भिंग. त्याला तो अर्धगोल माथा, खालच्या घेरावरचे ते गोळे आणि ते विलक्षण रूप दिलं रेमंड क्युसिक यांनी. ते बीबीसीचे पगारी संकल्पक. नेशन यांच्या एजंट बेरिल व्हर्च्यू यांनी करारात डॅलेकच्या हक्कांतला वाटा त्यांच्यासाठी राखून घेतला होता, त्यामुळे खेळणी, पुस्तकं, सगळ्याचा पैसा नेशन यांना मिळत गेला. क्युसिक यांच्या हाती पडले बक्षीस म्हणून १०० पौंड. (या बेरिलबाईंच्याच लेकीशी लग्न केलेले स्टीव्हन मॉफट पुढे या मालिकेचे मुख्य लेखक झाले. जग लहान आहे.)

आणि आता माझ्या खोलीतला विषय.

१९७८ च्या हिवाळ्यात मी इंग्लंडात लेस्टरला थोरल्या बहिणीकडे गेले होते. शनिवारी संध्याकाळी भाचे दिवाणखान्यातला टीव्ही लावत, तेव्हाचे डॉक्टर, लांबलचक मफलरवाले टॉम बेकर बघायला. गोष्ट मला अर्धीमुर्धी कळे. पण सुरुवातीचं ते संगीत! खालून घोड्यासारखी दौडणारी लय आणि वर वाऱ्यासारखा घसरत येणारा सूर. कुठलं वाद्य आहे हे मला ओळखेना, आणि वाद्य ओळखणं तर माझ्या पोटापाण्याचा भाग. ताईला विचारलं, ती म्हणाली, ‘‘असेल काहीतरी कॉम्प्युटरचं.’’ कॉम्प्युटर नव्हताच. सिंथेसायझरही नव्हता, १९६३ साली असला कारखाना कोणाकडे होता? पुढे वाचून कळलं ते असं.

चाल रॉन ग्रेनर यांची. त्यांनी बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपला, म्हणजे कार्यक्रमांसाठी खास आवाज तयार करणाऱ्या विभागाला, एक कागद दिला. त्यावर स्वर आणि अधेमधे ‘वाऱ्याचा बुडबुडा’, ‘ढग’ असल्या सूचना. तो कागद डेलिया डर्बिशायर यांच्याकडे आला. कॉव्हेंट्रीची मुलगी, केंब्रिजमध्ये गणित आणि संगीत शिकलेली. १९५९ साली एका ध्वनिमुद्रिका कंपनीने, आमच्या स्टुडिओत बायका घेत नाही, असं सांगून त्यांना परत पाठवलं होतं. या बाईंनी एक तार छेडून तिचा आवाज टेपवर घेतला. मग टेपचा वेग कमीजास्त करून त्याच एका आवाजाचे खालचे-वरचे स्वर केले. वरच्या सुरासाठी प्रयोगशाळेतली चाचणीची यंत्रं, त्यांचं बटण हाताने फिरवून तो घसरता सूर काढला. आणि मग एकेक स्वर कापून, मोजून, जोडत गेल्या. सोबत डिक मिल्स.

हे वाचताना लोकांना त्यातलं कष्टाचं माप कळत नाही, म्हणून सांगते. आमच्या टेबलावर खाच पाडलेला धातूचा ठोकळा असे. टेप त्यात बसवायची. त्याआधी रीळ हाताने मागेपुढे घोळवायचं, म्हणजे आवाज गुरगुरत पुढे-मागे होतो, आणि नेमका कुठे सुरू होतो ते कानाने धरायचं. पिवळ्या तेलकट पेन्सिलीने खूण. मग तिरक्या खाचेतून ब्लेड. तिरकं अशासाठी की सरळ कापलं तर जोडावर ‘टक्’ असं ऐकू येतं. ब्लेडला चुंबकत्व आलं असेल तरीही टक् येतोच, म्हणून ब्लेड सारखं बदलायचं. चांगल्या कामासाठी टेपचा वेग सेकंदाला १५ इंच. म्हणजे पाव सेकंदाचा स्वर हवा तर पावणेचार इंचांची पट्टी. एका जिंगलमध्ये असे चार-पाच जोड आले की आमची मान आखडायची. इथे अख्खी धून अशी बांधलेली, तीही तीन वेगळ्या टेपांवर: खर्ज एका टेपवर, चाल दुसऱ्या, बाकीचे आवाज तिसऱ्या. एकाच वेळी अनेक पट्टे घेणारं यंत्र नव्हतं, तेव्हा तिन्ही यंत्रं एकदम सुरू करायची आणि ती एकमेकांबरोबर धावतील अशी आशा करायची. एकदा कुठेतरी एक स्वर चुकत होता नि सापडेना. तेव्हा त्यांनी वर्कशॉपच्या, लंडनमधल्या मेडा व्हेलच्या इमारतीतल्या लांब व्हरांड्यात तिन्ही टेपा शेजारी शेजारी अंथरल्या आणि चालत जाऊन कोणता जोड दुसऱ्याशी जुळत नाही ते डोळ्यांनी शोधलं. हा किस्सा वाचला तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले. आम्हीही जमिनीवर टेप अंथरलेली आहे, फक्त आमचा व्हरांडा एवढा लांब नव्हता.

ग्रेनर यांनी तयार धून ऐकली आणि विचारलं, ‘‘हे मी लिहिलंय?’’ डेलियाबाई म्हणाल्या, ‘‘बरंचसं.’’ ग्रेनर भला माणूस. त्यांच्या मानधनातला निम्मा वाटा बाईंना द्यायला तयार होते. पण पगारी नोकरांची नावं स्वतंत्र द्यायची नाहीत ही वर्कशॉपची रीत, त्यामुळे पडद्यावर संगीतकार म्हणून ग्रेनर आणि पुढे नुसतं वर्कशॉपचं नाव. बाई २००१ साली गेल्या. या धुनेसाठी त्यांचं नाव मालिकेच्या पडद्यावर प्रथम आलं ते २०१३ साली, पन्नास वर्षांच्या खास भागात.

त्याच वर्कशॉपमधले ब्रायन हॉजसन. यान निघतानाचा तो घरघरत वर चढणारा आवाज त्यांनी काढला तो एका मोडक्या पियानोच्या खर्जाच्या तारेवरून आईच्या घराची किल्ली घासून. आणि शीर्षकाची ती पडद्यावर उसळणारी धुरकट आकृती बर्नार्ड लॉज यांची. कॅमेरा त्याच्याच चित्राच्या पडद्यासमोर धरला की चित्र चित्राला गिळत जातं, त्यातून ती निघाली.

हुसेन यांच्या आणखी एका कामाबद्दल सांगायलाच हवं. १९६४ साली त्यांनी मार्को पोलोवरची सात भागांची कथा केली. एक भाग वगळता सगळी त्यांच्या दिग्दर्शनाखाली. आज त्यातला एकही भाग बघायला मिळत नाही. टेप महाग, जागा अपुरी, पुन्हा दाखवायचे हक्क नाहीत, म्हणून बीबीसीने जुन्या टेपा पुसून परत वापरल्या. यावर मी नाक मुरडणार नाही, तेव्हा जगभर हेच चालायचं. अजून या मालिकेचे नव्वदच्या वर भाग सापडलेले नाहीत. मात्र हुसेन यांच्या स्वतःच्या संग्रहात त्यांच्या भागांची, टीव्हीच्या पडद्यावरून घेतलेली स्थिरचित्रं निघाली. जो भाग दुसऱ्याने दिग्दर्शित केला त्याची तशी चित्रं नाहीत. आणि आवाज? आवाज सगळ्या हरवलेल्या भागांचा आहे. कारण घरोघरची पोरं टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर लावून बसत. ज्यांचं नाव कुठल्याच यादीत येणार नाही अशांनी हे जपलं. मला विचाराल तर त्या पोरांनाही मी मालिकेच्या कर्त्यांत धरीन.

पुढच्या काळाचं आपल्या लेखात बरंच आलंय, ते बहुतेक ठीक आहे. १९८९ ला बंद पडलेली मालिका २००५ साली रसेल टी. डेव्हिस आणि ज्युली गार्डनर यांनी वेल्समधून उभी केली, त्यातही गार्डनरबाई लेखात गळल्यात. सुरुवातीच्या दिवसांवर २०१३ साली एक चित्रपट झाला, त्यात वारिस हुसेन यांची भूमिका केलेले साशा धवन पुढे याच मालिकेत डॉक्टरचा कट्टर वैरी ‘मास्टर’ झाले. आणि २०१८ साली विनय पटेल यांनी १९४७ च्या पंजाबात घडणारी फाळणीची गोष्ट लिहिली. पहिल्या भागाचा दिग्दर्शक लखनौचा होता हे लक्षात घेतलं तर या दोन गोष्टी वेगळ्याच वाटतात.

एक सुचवते. आपल्याच अंकात शनिवार-रविवारी मराठी नाटकांच्या जाहिराती येतात. दोन इंचांच्या चौकटीत लेखक, दिग्दर्शक, नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत, वेशभूषा, रंगभूषा, सूत्रधार, सगळे असतात. जागेचे पैसे मोजून नाटकवाले ही नावं छापतात. त्याच अंकाच्या पुरवणीत, जिथे जागा फुकट, तिथे मालिकांवर लिहिताना एकच नाव का? मालिका इंग्लंडची असो की आपली, ध्वनी, संकलन आणि कलादिग्दर्शन करणाऱ्यांची नावं चौकटीत तरी द्यावीत, असा दंडक संपादक म्हणून आपण घालून देऊ शकता. वारिस हुसेन यांच्यावर तर एक स्वतंत्र लेख व्हावा. त्यांनी १९९७ साली मुंबईतल्या एका पारशी कुटुंबावर ‘सिक्स्थ हॅपिनेस’ हा चित्रपट केला होता, त्याचीही इथे फारशी कोणाला आठवण नाही.

आणि ताबडतोब करण्यासारखं एक. डॅलेकच्या चित्राखाली आपण ‘सिडनी न्यूमन यांची अजरामर निर्मिती’ असं छापलंय. न्यूमन यांनी जे नको म्हणून बजावलं होतं ते हेच. तेवढी ओळ पुढच्या रविवारी दुरुस्त करावी, आणि करताना क्युसिक यांचं नाव घालावं.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त ध्वनिसंपादिका, ठाणे
(कृपया नाव छापू नये.)